नवा लॅपटॉप सदोष निघाल्यास कोकणातील ग्राहकाने काय करावे

नव्या लॅपटॉपमध्ये निर्मितीतला दोष निघाला, तर तो वॉरंटीत दुरुस्त करून मिळावा किंवा लॅपटॉप बदलून मिळावा, याविषयी कोणाचे दुमत नसते. वाद होतो तो हा दोष कारखान्यातूनच आला की घरी आणल्यावर उत्पन्न झाला, या प्रश्नावर. कोकण किनाऱ्यावरच्या ग्राहकाची बाजू या वादात सुरुवातीपासूनच थोडी लंगडी असते, कारण खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, भिंतींना येणारी ओल, विजांचा कडकडाट आणि वरचेवर जाणारी वीज ही सगळी कारणे सर्व्हिस सेंटरच्या हाताशी तयार असतात. जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला घेतलेल्या लॅपटॉपच्या तक्रारीची आणि स्थितीची सर्व्हिस सेंटर जी नोंद करते त्या कागदावर, ‘बोर्डवर गंज’ किंवा ‘द्रव आत गेल्याच्या खुणा’ एवढे शब्द लिहिले गेले की वॉरंटी नाकारली जाते आणि ते शब्द नंतर खोडून काढणे फार कष्टाचे होते. म्हणून पुढे सांगितलेल्या प्रत्येक पायरीमागे एकच धोरण आहे : दोष पहिल्या आठवड्यातच शोधावा आणि त्याची लेखी नोंद तेव्हाच करून घ्यावी.

खोके उघडण्याआधी

दुकानातून लॅपटॉप घेताना जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल घ्यावे आणि त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर छापलेला किंवा शिक्क्यासह लिहिलेला आहे, याची तिथेच खात्री करावी. हा क्रमांक खोक्यावर, लॅपटॉपच्या तळाशी आणि बिलावर अशा तिन्ही ठिकाणी एकच असला पाहिजे. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ‘बिल हवे असेल तर वरचे पैसे पडतील’ असे कोणी म्हटल्यास दुसरे दुकान बघावे. लॅपटॉपवरील जीएसटी १८ टक्के आहे आणि तो वाचवण्याच्या मोहात घेतलेली कच्ची पावती पुढे कंपनीकडेही उपयोगी पडत नाही आणि ग्राहक आयोगापुढेही फारशी टिकत नाही.

ऑनलाइन मागवलेला लॅपटॉप आल्यावर खोक्यावरची चिकटपट्टी कापण्यापासून लॅपटॉप सुरू होईपर्यंतचे चित्रीकरण मोबाइलवर एकसलग, न थांबवता करावे. त्यात खोक्यावरचा सीरियल नंबर वाचता येईल इतका जवळून दिसावा. खोके, आतले फोम आणि पिशव्या निदान वॉरंटीचे वर्ष संपेपर्यंत माळ्यावर ठेवाव्यात. परत पाठवण्याची वेळ आली तर मूळ वेष्टनासारखे संरक्षण दुसरे कशानेही मिळत नाही.

आपल्याकडे एक प्रकार हमखास घडतो आणि त्याने पुष्कळांचे नुकसान होते. मुंबईचा भाऊ किंवा काका लॅपटॉप तिथे खरेदी करतो, तो महिना-दीड महिना खोक्यातच राहतो आणि गणपतीला येताना गावी आणला जातो. ऑनलाइन खरेदीत परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत बहुधा ७ किंवा १० दिवसांची असते आणि ती माल पोचल्याच्या दिवसापासून मोजली जाते, गावी खोके उघडल्याच्या दिवसापासून नव्हे. म्हणून चाकरमान्याने लॅपटॉप मुंबईतच उघडून, पुढे सांगितलेली तपासणी करून मगच गाडीत ठेवावा. बिल त्याच्या नावावर असले तरी काळजीचे कारण नाही. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही कायदा ग्राहकच मानतो. मात्र बिलाची प्रत आणि ज्या ईमेलवर खरेदीची नोंद आहे तिचा ताबा वापरणाऱ्याकडे असावा.

लॅपटॉप सुरू झाला की कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख पाहावी. दुकानात बराच काळ पडून राहिलेल्या लॅपटॉपची वॉरंटी कधीकधी कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून सुरू झालेली दिसते. बिलाची प्रत पाठवून ती दुरुस्त करून घेता येते, पण हे काम बिघाड होण्याआधी उरकावे.

पहिल्या आठवड्यातील तपासणी

पहिले एक-दोन दिवस लॅपटॉप अपडेट उतरवून घेण्यात आणि फाइलींची सूची करण्यात गुंतलेला असतो. त्या काळात पंखा जोरात फिरला किंवा तळ गरम झाला तर लगेच निष्कर्ष काढू नये. अपडेट पूर्ण होऊ द्यावेत, दोनदा रीस्टार्ट करावा आणि मग तपासणीला बसावे.

सुरुवात स्क्रीनपासून करावी. पांढरी, काळी, लाल, हिरवी आणि निळी अशी पाच एकरंगी चित्रे एकामागून एक पूर्ण स्क्रीनभर लावून अंधाऱ्या खोलीत बघावे. सगळ्या रंगांवर काळाच राहणारा ठिपका मृत पिक्सेल असतो. एकाच रंगात अडकलेला ठिपका काही वेळा आपोआप सुटतो. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी वॉरंटीत स्क्रीन बदलून देण्यास अनेक कंपन्या तयार नसतात, म्हणून असा ठिपका दिसल्यास वॉरंटीवर विसंबून न राहता परत करण्याच्या मुदतीतच हालचाल करावी.

रेघ दिसत असेल किंवा चित्र थरथरत असेल, तर दोष कुठे आहे हे घरीच बऱ्यापैकी ओळखता येते. रेघ दिसत असताना स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर पाठवून उघडावा. स्क्रीनशॉटमध्येही रेघ असेल तर दोष ग्राफिक्सच्या भागात किंवा ड्रायव्हरमध्ये, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर दोष स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये आहे. यानंतर एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडून पाहावा आणि बायोसचा पटल उघडूनही पाहावे. विंडोज सुरू होण्यापूर्वीच्या त्या पटलावर रेघ दिसली, तर ‘सॉफ्टवेअर पुन्हा टाकून बघू’ या उत्तराला अर्थ उरत नाही. शेवटी झाकण हळूहळू उघडत-मिटत राहावे. ठराविक कोनातच चित्र बिघडत असेल तर संशय बिजागरीतून जाणाऱ्या केबलवर जातो.

बॅटरीसाठी विंडोजमध्येच अहवालाची सोय आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असे लिहावे. तयार झालेली फाइल कुठे ठेवली आहे, ते तिथेच दिसते. त्या अहवालात बॅटरीची मूळ आराखड्यातील क्षमता आणि प्रत्यक्ष पूर्ण चार्जची क्षमता शेजारीशेजारी दिलेली असते. नव्या लॅपटॉपमध्ये हे दोन आकडे जवळजवळ असले पाहिजेत. मोठी तफावत असेल किंवा चार्जिंगच्या फेऱ्यांचा आकडा बराच वर गेलेला असेल, तर लॅपटॉप आधी वापरलेला किंवा दुकानात प्रदर्शनाला ठेवलेला असण्याची शंका घ्यावी. हा अहवाल पहिल्याच दिवशी जपून ठेवावा.

साठवणुकीची आणि मेमरीची तपासणी कंपनीच्या स्वतःच्या चाचणीने करणे सर्वांत श्रेयस्कर, कारण तिचा निकाल कंपनीला नाकारता येत नाही. डेलच्या लॅपटॉपमध्ये सुरू करताना एफ१२ दाबून येणाऱ्या यादीत ही चाचणी असते. एचपीमध्ये एफ२ ने आणि लेनोवोच्या पुष्कळ मॉडेलांत एफ१० ने ती उघडते. चाचणी नापास झाल्यास स्क्रीनवर त्रुटीचा सांकेतिक क्रमांक येतो. त्याचा फोटो घेऊन ठेवावा, कारण तक्रारीत सर्वाधिक वजन याच एका गोष्टीला असते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये एखाद्या भागासमोर पिवळे उद्गारचिन्ह असल्यास त्याचाही फोटो घ्यावा.

बाकीच्या गोष्टी झटपट होतात. नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ दाबून पाहावी, प्रत्येक यूएसबी पोर्टला पेनड्राइव्ह लावून पाहावा, कॅमेरा, माइक आणि दोन्ही स्पीकर तपासावेत. वायफाय तुटत असेल तर त्याच जागी मोबाइल ठेवून तुलना करावी. जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात मागच्या खोलीत सिग्नल मोबाइललाही पोचत नसेल, तर तो लॅपटॉपचा दोष धरता येणार नाही.

जे दोष वाटते पण दोष नसते

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते, किंवा चार्जर लावताच टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारू लागतो. याचे कारण बहुतेक वेळा घरातील अर्थिंगमध्ये असते. जुन्या घरांत सॉकेट तीन भोकांचे दिसले, तरी मागे अर्थिंगची तार जोडलेलीच नसते, आणि कातळावर बांधलेल्या घरात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला की असलेले अर्थिंगही निकामी होते. चार्जर काढल्यावर हा त्रास थांबत असेल आणि चांगले अर्थिंग असलेल्या दुसऱ्या जागी होतच नसेल, तर आधी वायरमनला बोलवावे.

५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये सुमारे ४७६ जीबीच जागा दिसते, ती मोजण्याच्या पद्धतीतील फरकामुळे. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबते, ती बॅटरीचे आयुष्य वाढवण्यासाठी दिलेल्या सेटिंगमुळे. व्होल्टेज संध्याकाळी उतरते म्हणूनही फारशी चिंता नको, कारण लॅपटॉपचे चार्जर सर्वसाधारणपणे १०० ते २४० व्होल्टवर चालतात. खरा धोका गेलेली वीज परत येतानाच्या उसळीचा आणि विजा चमकण्याचा असतो. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा, कारण विजेने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.

अपवाद एकच आणि तो गंभीर आहे. टचपॅड वर उचलला गेलेला दिसला, तळ फुगला किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसेनासा झाला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. असा लॅपटॉप ताबडतोब बंद करावा, चार्ज करू नये, दाबू नये, कुरिअरने पाठवू नये. कंपनीला फोन करून तंत्रज्ञालाच घरी बोलावण्याचा आग्रह धरावा.

पुरावा कसा जमवावा

एखादा दोष सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर नेमका दिसत नाही आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत यावे लागते. देवगड-मालवणहून कोल्हापूर किंवा पणजी गाठणाऱ्याचा त्यात अख्खा दिवस जातो. म्हणून दोष दिसेल तेव्हा त्याचे चित्रीकरण करावे, आणि त्याच चित्रीकरणात कॅमेरा न थांबवता लॅपटॉपच्या तळाचा सीरियल नंबर आणि स्क्रीनवरची तारीख दाखवावी. सोबत एका वहीत तारीख, वेळ, त्या वेळी चार्जर लावलेला होता की नाही आणि कोणते काम चालू होते, अशी नोंद ठेवावी.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पहिल्याच दिवशी लॅपटॉपच्या चारही कडा, पोर्टची भोके, तळाचे स्क्रू आणि हवेच्या जाळ्या यांचे उजेडात जवळून फोटो काढावेत. खाऱ्या हवेचा पहिला परिणाम स्क्रूंच्या डोक्यांवर आणि पोर्टच्या धातूवर दिसतो. तिथे सगळे चकचकीत असल्याचे तारखेचे फोटो हाती असतील, तर पहिल्याच महिन्यात कोणी गंजाचा शेरा मारू लागल्यास त्याला उत्तर देता येते. लॅपटॉप वापरात नसताना सिलिका जेलची पुडी टाकलेल्या पिशवीत ठेवावा आणि मुंग्या लागतील अशा जागी कधीही ठेवू नये. लॅपटॉपमध्ये कीटक शिरून झालेले नुकसानही वॉरंटीतून सहसा वगळलेले असते.

तक्रार कोणाकडे करावी

मुदत शिल्लक असेल तर पहिली तक्रार विक्रेत्याकडे करावी, म्हणजे दुकानदाराकडे किंवा ज्या संकेतस्थळावरून खरेदी केली त्याच्याकडे. संकेतस्थळ पुष्कळदा आधी कंपनीच्या तंत्रज्ञाकडून दोष प्रमाणित करून आणायला सांगते. अशा वेळी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, लॅपटॉप हाती पडला तेव्हापासूनच सदोष असल्याचे लेखी मागावे. व्यवहारात याला डीओए प्रमाणपत्र म्हणतात. तंत्रज्ञ यायला वेळ लागत असेल, तरी संकेतस्थळावरची तक्रार मुदतीच्या आतच नोंदवून ठेवावी. वादळात वीज आणि नेटवर्क दोन्ही जाण्याचा अनुभव आपल्याला आहे; ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा प्रसंगी शेजारच्या गावातून का होईना, मोबाइलवरून दोन ओळींचा ईमेल मुदतीत पाठवावा.

दुकानदार ‘विकलेला माल परत घेतला जात नाही’ या पाटीकडे बोट दाखवील, किंवा ‘आता तुम्ही आणि कंपनी बघून घ्या’ म्हणेल. सदोष मालाच्या बाबतीत ही पाटी त्याला वाचवू शकत नाही. बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील कायद्याने अनुचित व्यापारी प्रथाच आहे. हे त्याला शांतपणे आणि लेखी कळवावे. ओळखीच्या दुकानदाराशी तोंडी बोलणे आपल्याला बरे वाटते, पण बोलणे झाल्यावर ‘आज आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार’ अशी सुरुवात करून त्याला व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला, तर संबंधही राहतात आणि नोंदही राहते.

लॅपटॉप हप्त्यांवर घेतला असेल, तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नयेत. कर्जाचा करार विक्रीपासून वेगळा असतो, आणि थकलेल्या हप्त्याची नोंद आपल्याच पतगुणांकावर होते.

सर्व्हिस सेंटर आणि जॉबशीट

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचा कागद जॉबशीट हा आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत घाईने सही केला जातो. काउंटरवरचा कर्मचारी सवयीने ‘डिस्प्ले इश्यू’ असे दोन शब्द लिहितो. त्याऐवजी त्याला असे लिहायला सांगावे : ‘झाकण अर्ध्यापेक्षा जास्त उघडल्यावर स्क्रीनच्या डाव्या बाजूस हिरवी उभी रेघ दिसते, बायोसमध्येही दिसते, स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही, खरेदीच्या तिसऱ्या दिवसापासून.’ अशा वर्णनानंतर नुसते सॉफ्टवेअर बदलून लॅपटॉप परत करणे कठीण जाते. जागा अपुरी असल्यास वर्णनाचा वेगळा कागद जोडून त्यावर पोच घ्यावी.

त्याच जॉबशीटवर बाह्य स्थितीचा रकाना असतो. तिथे ‘ओरखडे नाहीत, पोचे नाहीत, द्रवाच्या खुणा नाहीत’ असे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. कर्मचारी गंजाचा किंवा ओलीचा शेरा मारणार असेल, तर लॅपटॉप आपल्यासमोर उघडून नेमकी जागा दाखवण्याची आणि तिचा फोटो देण्याची मागणी करावी. काही लॅपटॉपमध्ये आतल्या बाजूस ओल दर्शवणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात. पाणी लागल्यावर त्यांचा रंग बदलतो. पट्टीचा रंग बदललेला नसेल तर तेही लिहून घ्यावे. शेरा मान्य नसल्यास सहीच्या वर ‘वरील शेरा अमान्य’ असे लिहून मगच सही करावी.

लॅपटॉप देण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. माहिती नष्ट झाल्यास सर्व्हिस सेंटर जबाबदारी घेत नाही. विंडोजमध्ये ड्राइव्ह कूटबद्ध असल्यास मदरबोर्ड बदलल्यानंतर ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आधीच उतरवून घ्यावी. स्वतःचा पासवर्ड कागदावर लिहून देऊ नये. तपासणीसाठी वेगळे खाते उघडून द्यावे. चार्जर सोबत दिला असेल तर त्याचाही क्रमांक जॉबशीटवर यावा.

पावसाळ्यात लॅपटॉप कुरिअरने पाठवायचा झाल्यास आंबा, कुंभार्ली किंवा फोंडा घाटात दरड कोसळून पार्सल अडकू शकते, हे गृहीत धरावे. लॅपटॉप आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, मग मूळ फोम आणि खोके, आणि बाहेरून पुन्हा प्लास्टिक असे बांधावे. विमा घ्यावा आणि बांधणीचे चित्रीकरण ठेवावे. वॉरंटीत घरी येऊन दुरुस्तीची सोय असेल, तर ‘तुमच्या भागात सेवा नाही’ हे उत्तर तोंडी मान्य करू नये. खरेदीच्या वेळी घरपोच सेवेचे आश्वासन असल्यास नकार लेखी मागावा.

दुरुस्तीनंतर लॅपटॉप परत घेताना कोणता भाग बदलला, हे सेवा अहवालात लिहून घ्यावे आणि पहिली तपासणी पुन्हा करावी. तोच दोष परत आला तर ‘तोच लॅपटॉप पुन्हा आणला’ असे न सांगता आधीच्या जॉबशीटचा क्रमांक नव्या जॉबशीटवर चढवायला लावावा. किती दुरुस्त्यांनंतर लॅपटॉप बदलून द्यायचा, असा आकडा कायद्यात नाही. मात्र तोच दोष वारंवार आल्याचे एकमेकांना जोडलेले कागद असतील, तर तो दुरुस्तीने जाणारा नाही, हे मांडता येते.

वरच्या पातळीवर दाद

ऑनलाइन खरेदी असल्यास संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मराठीत बोलता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण तिच्याकडून विचारणा गेल्यावर कंपनीचे वरचे अधिकारी फाइल उघडतात, आणि माझ्या मते साध्या प्रकरणांसाठी हाच सर्वांत कमी दगदगीचा मार्ग आहे.

तेवढ्याने भागले नाही, तर विक्रेता, कंपनी आणि सर्व्हिस सेंटर अशा तिघांना एकच नोटीस स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावी. वकिलाची गरज नाही. नोटिशीत खरेदीची तारीख, सीरियल नंबर, जॉबशीटचे क्रमांक, दोषाचे वर्णन आणि मागणी एवढेच असावे. मागणी दोन टप्प्यांत लिहावी : त्याच दर्जाचा नवा लॅपटॉप द्यावा, आणि ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. उत्तरासाठी १५ दिवस देणे रास्त ठरते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. कंपनी बेंगळुरूची असो वा विक्रेता दिल्लीचा, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. म्हणजे दापोलीच्या ग्राहकाने रत्नागिरीला, कणकवलीच्या ग्राहकाने ओरोसला आणि श्रीवर्धनच्या ग्राहकाने अलिबागला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी लागते. ती ई-जागृती या पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारे घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. ती हवी असल्यास तसा अर्ज करावा. होमस्टे किंवा झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्याने ‘व्यावसायिक वापर’ या आक्षेपाला घाबरू नये, कारण उपजीविकेसाठी स्वयंरोजगारात वापरलेली वस्तू ग्राहकाच्या व्याख्येतून वगळलेली नाही.

आयोगापुढे दोष निर्मितीतलाच आहे, हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो. म्हणून कंपनीच्या चाचणीतील त्रुटीचा क्रमांक, जोडलेल्या जॉबशीट आणि चित्रीकरणे क्रमाने लावून द्यावीत. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. प्रतिपक्षाला नोटीस मिळाल्यापासून चाचणी नसलेल्या प्रकरणात ३ महिने आणि चाचणी असलेल्या प्रकरणात ५ महिने, असा निकालाचा कालावधी कायद्यात दिलेला आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागू शकतो, हे धरून चालावे. तक्रार चालू असताना तो लॅपटॉप बाहेरच्या कारागिराकडून अजिबात उघडून घेऊ नये.

मध्येच कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव दिला, तर बदली लॅपटॉप नवा आहे की दुरुस्त करून दिलेला, त्याची वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली जाणार आणि जुन्या लॅपटॉपमधील माहितीचे काय होणार, हे तीन मुद्दे ईमेलवर स्पष्ट करून घ्यावेत. ‘पूर्ण व अंतिम समाधान’ या मजकुरावर सही लॅपटॉप हाती येऊन तपासून झाल्यावर किंवा रक्कम खात्यात जमा झाल्यावरच करावी. आदेश होऊनही कंपनीने तो पाळला नाही, तर त्याच आयोगाकडे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्यास १ महिना ते ३ वर्षे कारावास, किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्याच्या कलम ७२ मध्ये आहे.